समास सोडा

पेव्हर ब्लॉकच्या ठरावावर माझीही सही आहे.
निळी शाई, खाली तारीख, वळणदार.
चिखल नको, डास नकोत, गाड्या ओळीत लागाव्यात,
कन्नमवार नगरातल्या आमच्या चाळीस बिऱ्हाडांना
एवढंच तर हवं होतं.
कंत्राटदारानं विचारलं, "मॅडम, झाडापाशी किती सोडू?"
म्हटलं, "सोडताय कशाला?
बुंध्यापर्यंत घ्या. नीटनेटकं दिसेल."

बकुळ काही बोलली नाही.
दोन वर्षं फुलं सिमेंटवर पडत राहिली,
स्कूटरच्या टायरांना चिकटून
घाटकोपरपर्यंत जात राहिली.

तिसऱ्या वर्षी शेंडा वाळला.
मला वाटलं, तहान.
रोज पाइप लावून ठेवला, बोअरवेलचा.
खाडी इथून हाकेवर,
त्या पाण्यानं नळाच्या तोट्यांवर पांढरी साय धरते
हे मी रोज बघते, रोज घासते,
आणि तरी.
मग वाटलं, भूक.
भर मे महिन्यात, दुपारी एक वाजता,
ओंजळ ओंजळ युरिया.
मग कुणी म्हणालं, शेंडा उडवा, जोमानं फुटेल.
उडवला.
गेरू-चुन्याचे पट्टे मारले.
आजारी माणसाला इस्त्रीचा सदरा घालावा तसं
झाड छान दिसलं चार दिवस.

ऐरोलीच्या पुलाजवळ नर्सरी आहे, बाळाराम केणींची.
त्यांना घेऊन आले रिक्षानं.
ते झाडाकडे बघेचनात.
उकिडवे बसले,
दोन ब्लॉकांच्या फटीत करंगळी घालून बघितली.
गेली नाही.
"बाय, तहानेनं मेलेली झारं मी कमी बगली.
पानी पाजून मारलेली लय.
याची मान कुठं हाय?"
मान?
"खोड जमिनीला भेटतं ती.
मानेपर्यंत पुरलेला मानूस
काय सांगंल तुला, भूक लागली का तहान?"
पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, दोनदा.

रात्री झोप नाही.
एकतीस वर्षं पालिकेच्या शाळेत
पहिल्या तासाला पहिलं वाक्य माझं एकच:
समास सोडा.
डावीकडे दोन बोटं, रेघ मारा, पलीकडे लिहायचं नाही.
भरत शेलोकर कडेपासून कडेपर्यंत लिहायचा,
कागद वाया जातो म्हणायचा,
वही आणायला पैसे नसायचे त्याच्याकडे.
त्याला मी बाकावर उभं केलं होतं.

रविवारी पहाटे दूधनाथकडून पहार मागून घेतली.
वॉचमन असून त्यानं कारण विचारलं नाही,
टॉर्च धरला.
पहिला ब्लॉक निघेना. दुसरा तुटला.
सातव्याच्या सुमारास घैसास खाली आले,
सेक्रेटरी, हातात दुधाची पिशवी.
"अहो, ठराव मंजूर आहे."
"सही माझी आहे," म्हटलं,
"माझ्यापुरती खोडतेय."
ते थोडा वेळ उभे राहिले. दूध तापवायचं होतं त्यांना.

खाली माती म्हणावी असं काही नव्हतं.
खडी, गुटख्याची पुडी,
आणि एक मूळ, वर आलेलं,
फट शोधत शोधत स्वतःभोवतीच वळलेलं,
बुंध्याला मिठी मारून.
ते कापायचं की नाही?
केणींना फोन लावला. उचलला नाही.
मीही पहार खाली ठेवली.

बावीस ब्लॉक जिन्याखाली रचलेत.
संध्याकाळी पोरं त्यावर बसून मोबाइल बघतात.
झाडूवाल्या सखूबाईला सांगितलंय,
पाला पोत्यात भरू नकोस, इथंच राहू दे.
"कचरा?" ती म्हणाली.
हो, म्हटलं, कचराच.

शेंड्याला अजून काही नाही.
रोज सकाळी मान वर करून बघते,
मग खाली.
काल हातभर मातीत
हराळीचं एक पातं आलेलं,
वेडंवाकडं.
बोटं सवयीनं उपटायला गेली.
पोचली, धरलं,
आणि तिथंच थांबली.